अम्मी ‘मदत’ करत नव्हती, काम करत होती

आपल्याकडे एखादी बाई वारली की तिच्याबद्दलचा मजकूर जवळपास ठरलेलाच असतो. अमुक यांच्या पत्नी, तमुक यांच्या आई; नेक, सर्वांशी मिळून-मिसळून वागणाऱ्या, मुलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या; जनाजा असरच्या नमाजनंतर; मगफिरतीसाठी दुआ करा. पुरुष गेला तर या मजकुरात एक ओळ जास्त असते. शिक्षक होते, एसटीत होते, राइस मिलवर मुनीम होते, टायरचं दुकान होतं. बाईच्या मजकुरात ही ओळ येत नाही. तिनं काम केलेलं नसतं असं नाही. ते ‘काम’ आहे असं कुणाला वाटलेलंच नसतं.

माझ्या अम्मीच्या वेळीही तेच झालं. नवेगाव बांधपासून अर्जुनी, वडसा, साकोली, गोंदियापर्यंत मोबाइलवर मजकूर फिरला. त्यात ती आदर्श आई होती आणि ‘सगळ्यांच्या लग्नकार्यात मदत करायची’. भेटायला आलेल्या बायकाही हेच सांगत होत्या. आमच्या पोरीच्या शादीत आपांनी किती मदत केली म्हणून! बोलता बोलता त्या रडत होत्या. त्यांच्या प्रेमाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘मदत’ या शब्दाबद्दल.

अम्मी मदत करत नव्हती. ती काम करत होती. १९८८ पासून कोरोना येईपर्यंत, बत्तीस वर्षं. या कामाचा ती इसार घ्यायची, वहीत हिशेब लिहायची, माणसं लावायची, त्यांची मजुरी चुकती करायची, घाटा आला तर स्वतः सोसायची. नागपूर-पुण्यात हेच काम करणाऱ्याला इव्हेंट प्लॅनर म्हणतात, त्याचं ऑफिस असतं, पाटी असते. नवेगाव बांधसारख्या गावात एक मुसलमान बाई ते करत होती, म्हणून ती मदत ठरली.

तिचं नाव मी इथे छापत नाही. तसं तिनंच सांगून ठेवलं होतं. आजारपणात मी म्हणाले, अम्मी, तुझ्यावर लिहायचं आहे. ती म्हणाली, “नाव कशाला? हिशेब लिही. हिशेब लिहिलास तर माझंच लिहिल्यासारखं आहे.” म्हणून हा हिशेब.

वहीत काय होतं

लग्नाला तंबू, सतरंज्या, खुर्च्या बिछायत केंद्रवाला देतो. बावर्ची डेग चढवतो. काझी निकाह पढवतो. या तिघांना सगळे ओळखतात. पण डेग किती वाजता चढली म्हणजे जुहरनंतर पंगत बसेल, वरात रेल्वेनं देवलगावला उतरणार असेल तर तिथून गावात आणायला किती गाड्या लागतील, वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांना कुठे टेकवायचं, लाइट गेली तर जनरेटरचं डिझेल कुणाकडे, पाऊस आला तर दस्तरखान कुठे हलवायचा, हे कोण ठरवतं? ते अम्मी ठरवायची.

तिच्या वह्यांत जेवणाचं गणित होतं. शंभर माणसांमागे तांदूळ १२ किलो. पण वऱ्हाड झाडीपट्टीतलं असेल तर १४, कारण आपल्याकडचा माणूस भातावर जगतो आणि दालचा चांगला झाला की दुसऱ्यांदा भात मागतोच. निमंत्रण ४०० जणांना असेल तर धान कापणीच्या दिवसांत ३०० धरायचे, उन्हाळ्यात ४५०. गावातल्या हिंदू शेजाऱ्यांसाठी आचारी वेगळा, चूल वेगळी, भांडी वेगळी. हे ती न सांगता करायची, त्यामुळे पंगतीत कुणालाही काही विचारावं लागायचं नाही. पुढे तीच शेजारीपाजारी आपल्या मुलींच्या लग्नाचं कामही तिच्याकडे घेऊन येऊ लागली. वहीत निकाह आणि लगन दोन्ही एकाच अक्षरात आहेत.

मजुरीचं पान मला सर्वांत मोलाचं वाटतं. लग्नात वाढपी आणि बावर्चीचे हाताखालचे लोक बहुतेक पुरुष. पोळ्या लाटणाऱ्या, तांदूळ निवडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाया. बायांना निम्मी मजुरी आणि उरलेलं अन्न, अशी रीत होती. अम्मीनं तासाप्रमाणे मजुरी लावली. पहाटे ४ ला आलेल्या बाईला ७ ला आलेल्या वाढप्यापेक्षा कमी का द्यायचं, एवढाच तिचा प्रश्न होता. उरलेलं अन्न ती वेगळं द्यायची, मजुरीतून कापून नाही. यावर तिचं यजमानांशी भांडण व्हायचं. दोन-तीन मोठी कामं यामुळे हातची गेली, तेही वहीत लिहिलेलं आहे.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या. त्या पंधरवड्यात तिच्याकडे दोन लग्नं होती. सरकारनं नंतर लग्नासाठी खात्यातून अडीच लाख काढायची सवलत दिली, पण ज्याच्या खात्यात तेवढे पैसे नाहीत त्याला तिचा काय उपयोग? अम्मी किराणावाल्याकडे गेली, तांदूळवाल्याकडे गेली, गोश्तवाल्याकडे गेली. तिघांनी माल उधारीवर दिला. दोन्ही लग्नं ठरल्या तारखेला झाली आणि जानेवारी संपायच्या आत तिनं सर्वांचे पैसे फेडले. विचार करा, मदत करणाऱ्या बाईला बाजार हजारोंचा माल उधार देतो का? व्यवहारात पत असलेल्या माणसाला देतो. ही पत तिनं २८ वर्षांत एक-एक बिल फेडून कमावली होती.

सात बहिणींनी नेमकं काय केलं?

आमच्या गावचा तलाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सुमारे ११ चौरस किलोमीटरचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. पुढे लोकांनी त्यांना देवपण दिलं. कोलासूर देव म्हणून तलावाकाठच्या टेकडीवर त्यांचं ठाणं आहे. तलावाभोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. तलाव पुरा व्हायला या सात बहिणींनी मदत केली, अशी गावाची आख्यायिका आहे.

ही आख्यायिका मी लहानपणापासून ऐकत आले. तिच्यात बांधणाऱ्या पुरुषाला नाव आहे, जात आहे, ठाणं आहे. बहिणींचा नुसता आकडा आहे. त्यांनी मदत केली, पण काय केली? माती वाहिली, दगड रचला, मजुरांची भाकर भाजली, पाळ कुठे घालायची ते सांगितलं? आख्यायिका तिथे गप्प आहे. एवढा मोठा बांध बायांच्या हातांशिवाय उभा राहिला असेल, यावर मातीकाम पाहिलेला कुठलाही माणूस विश्वास ठेवणार नाही. तरी गोष्टीत उरली ती मदत.

हे जुन्या काळातच होतं असं समजू नका. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुस्लिम महिलांनी तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला. हमीद दलवाई यांचं नाव आपल्याला पाठ आहे आणि ते असायलाच हवं. पण त्या सात जणींची नावं आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? घरी निघताना त्यांनी काय ऐकून घेतलं असेल, मुलं कुणाकडे ठेवली असतील, हे आपण कधी विचारलं का? तिथेही आपल्याकडे आकडाच आहे. सात.

मदत हा शब्द ऐकायला गोड आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: काम दुसऱ्या कुणाचं तरी आहे, बाई त्याला फक्त हात लावते. म्हणून शेतकरी तो, ती शेतावर मदत करते. दुकानदार तो, ती गल्ल्यावर बसते. आणि ज्याला काम म्हटलं नाही त्याची मजुरी मागता येत नाही, त्यावर कर्ज मिळत नाही, ते सोडलं तर निवृत्ती म्हणत नाहीत, आणि माणूस गेल्यावर ते लिहिलं जात नाही.

सरकारी मोजणीही फार वेगळी नाही. जनगणनेत घरकाम करणारी बाई ‘काम न करणारी’ या रकान्यात जाते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की देशात घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं. शिवाय असं काम करणाऱ्या बायका १०० त ८१ आहेत, पुरुष २६. पाच तास राबणाऱ्या बाईला आपण काम करत नाही असं म्हणतो. अम्मी तर त्या पाच तासांनंतर घराबाहेरचंही काम करत होती.

आई म्हणून

आता तिच्या आईपणाबद्दल, कारण सगळे त्याबद्दलच बोलत होते.

होय, ती जीव लावणारी आई होती. पण आज तिला आदर्श आई म्हणणाऱ्यांपैकी काहींनीच १९९० च्या दशकात ‘पोरं टाकून रात्री-बेरात्री गावोगाव हिंडते’ असं म्हटलं होतं. लग्नसराईत ती दोन-दोन रात्री घरी नसायची. तेव्हा अब्बा आम्हाला खिचडी करून घालायचे, फुफी वेण्या घालायची. आमचं काही बिघडलं नाही. लोकांना मात्र त्याचा फार त्रास व्हायचा. आता ती नाही, तर तिचं घरी नसणं सगळे विसरले आणि फक्त आईपण आठवतात. बाई काम करते तेव्हा ती वाईट आई असते आणि मेल्यावर नुसती आईच उरते. या दोन्ही बोलण्यांत तिच्या कामाला जागा नाही.

आमच्यासाठी तर तिचं काम आणि तिचं आईपण या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर त्या वर्षाची आम्हा तिघा भावंडांची फी लिहिलेली असायची. वर्षातल्या पहिल्या कामातून ती रक्कम बाजूला निघायची, मगच बाकीचा हिशेब. माझ्या नर्सिंगच्या फीसाठी सोनं मोडावं असं घरात निघालं तेव्हा तिनं साफ नकार दिला. ती म्हणाली, “सोनं मोडलं तर पोरीला वाटेल आईनं त्याग केला. मी त्याग नाही करत, मी दोन वलिमे जास्त घेते.” त्या वर्षी तिनं दोन वलिमे जास्त घेतले.

त्याग या शब्दापासून आपण जरा सावध राहावं असं मला वाटतं. ज्या कष्टांची किंमत द्यायची नसते त्यांना आपण त्याग म्हणतो. आईच्या पायाखाली जन्नत आहे असं आपण उठता-बसता सांगतो, चांगल्या वागण्याचा पहिला हक्क कुणाचा या प्रश्नावर पैगंबरांनी तीनदा ‘आई’ आणि चौथ्यांदा ‘वडील’ म्हटलं हेही सांगतो. ते खरंच आहे. पण त्याच परंपरेत हजरत खदीजा (रजि.) यांना आपण उम्मुल मोमिनीन म्हणतो आणि त्या व्यापारी होत्या, त्यांचा माल सीरियाकडे जाणाऱ्या काफिल्यांतून जात होता, पैगंबर निकाहाआधी त्यांच्याच मालाचा व्यापार सांभाळायला गेले होते, हेही सांगतो. चौदाशे वर्षांत कुणी असं म्हटलं नाही की खदीजा व्यापारात मदत करायच्या. आईपण आणि व्यवसाय एकाच बाईच्या आठवणीत सुखानं नांदू शकतात, याचं याहून मोठं उदाहरण आपल्याला कशाला हवं?

काम होतं म्हणून जबाबदारी होती

काम आणि मदत यांत आणखी एक फरक आहे. मदत करणारा प्रश्न विचारत नाही. काम करणाऱ्याला विचारावे लागतात.

इसार घेण्याआधी अम्मी मुलीच्या शाळेचा दाखला मागायची. मुलगी १८ ची नसेल तर काम घेत नसे. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ मध्ये आला आणि त्यात असा विवाह घडवून आणणाऱ्यांनाही शिक्षा आहे, पण ती दाखला त्याच्या आधीपासून मागत होती. लोक म्हणायचे, आपा, तुम्ही फक्त जेवणाचं बघा. ती म्हणायची, जेवण मी ज्या लग्नाचं करते ते लग्नही मी बघणार.

दुसरा प्रश्न मेहरचा. नगद किती, उधार किती, आणि ते मुलीला माहीत आहे का? हे ती बैठकीत सर्वांसमोर विचारायची. काही बुजुर्गांना ते आवडायचं नाही. पण एकदा विचारल्यावर उत्तर द्यावंच लागायचं आणि निकाहनाम्यातला तो रकाना रिकामा राहत नसे.

तिसरं, नोंदणी. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणीचा कायदा सर्व धर्मांना लागू आहे. गावात तेव्हा ग्रामसेवक हाच विवाह निबंधक असायचा, ९० दिवसांच्या आत अर्ज दिला तर काम सोपं जातं. निकाहनामा आहे, आता नोंदणी कशाला, असं म्हणणाऱ्यांना ती एकच सांगायची: निकाहनामा तुमच्या पेटीत राहतो, नोंद सरकारच्या दप्तरात राहते, पेटी जळू शकते. तिच्या शेवटच्या काही वर्षांतल्या वह्यांत प्रत्येक निकाहापुढे ‘नोंद झाली’ असा शेरा आहे. तो शेरा पडेपर्यंत ती आपल्या मजुरीची शेवटची रक्कम मागायची नाही, म्हणजे तिचं काम तिच्या दृष्टीनं पुरं झालेलं नसायचं.

सुधारणा ही भाषणांतून होते, कायद्यातून होते, मोर्चातून होते. आणि ती अशीही होते. लग्नाचं काम हातात असलेल्या बाईनं तीन प्रश्न विचारले म्हणून.

लिहून ठेवलं तरच

नवेगाव बांधच्या पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अली यांचं नाव आहे. आपल्यातला एक माणूस आयुष्यभर पक्षी बघत राहिला आणि जे बघितलं ते लिहीत राहिला, म्हणून आज जग त्यांना ओळखतं. त्यांच्या पत्नी तहमिना १९३९ मध्ये वारल्या. त्याआधीच्या पाहणी-दौऱ्यांत त्या रानावनांत सोबत असायच्या. त्यांच्याबद्दल आपल्याला जे थोडं कळतं ते सलीम अलींनी लिहिलं म्हणूनच. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून आमच्या गावात राहिले. इथल्या माणसांशेजारी बसून त्यांनी जंगलाची, तलावाची माहिती ऐकली आणि लिहिली. ती माणसं काही पुस्तकं लिहिणारी नव्हती. कुणीतरी शेजारी बसलं म्हणून त्यांचं ज्ञान टिकलं.

आपल्या आयांच्या, खालांच्या, फुफींच्या शेजारी कोण बसणार? वनाधिकारी येणार नाही. ते तुम्हालाच करावं लागेल.

माझं म्हणणं साधं आहे. घरातली जी बाई शिवणकाम करते, पापड-लोणची विकते, मेहंदी काढते, ट्यूशन घेते, डबे देते, लग्नाची कामं घेते, तिच्यापाशी एक वही घेऊन बसा. काम कधी सुरू केलंस, पहिले पैसे किती मिळाले, कुणी बुडवले, काय शिकलीस, किती जणींना कामाला लावलंस, हे विचारा आणि तिच्याच शब्दांत उतरवा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, फोटो काढा, तारखा घाला. ती म्हणेल, यात काय लिहिण्यासारखं आहे? तरी लिहा.

ती अजून काम करत असेल तर तिची नोंद करा. असंघटित कामगारांसाठी २०२१ पासून ई-श्रम पोर्टल आहे, लहान उद्योगांसाठी २०२० पासून उद्यम नोंदणी आहे. अर्जात व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहायची घाई करू नका. आधी तिला विचारा. अम्मीच्या नावावर असा एकही कागद नव्हता. बत्तीस वर्षं माणसं पोसणाऱ्या व्यवसायावर तिला कधी कर्ज मागता आलं नाही, ते अब्बांच्या नावावर मागावं लागलं.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारनं आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायला लावलं आहे. चांगली गोष्ट आहे. पण आईचं नाव कागदावर आलं म्हणजे आईचं काम आलं असं नाही. लग्नपत्रिकेत, सत्काराच्या बॅनरवर, मोहल्ल्याच्या कार्यक्रमात आणि शेवटच्या मजकुरातही ती ओळ घाला: या काय काम करत होत्या.

माझ्या अम्मीची ती ओळ मी इथे लिहिते. नवेगाव बांध परिसरात बत्तीस वर्षं लग्नकार्याच्या नियोजनाचा व्यवसाय केला. कुणाची मजुरी बुडवली नाही. अल्पवयीन मुलीच्या लग्नाचं काम घेतलं नाही. तीन मुलांना स्वतःच्या कमाईतून शिकवलं. अल्लाह तिची मगफिरत करो.